करंगळीची नोंद

मी नेमकी काय नोकरी करतो, हे माझ्या सासरवाडीला अकरा वर्षं माहीत नव्हतं. "आरोग्य खात्यात" एवढं माहीत होतं. सासरे रोह्याचे, चौकस माणूस. लग्न ठरताना त्यांनी घर विचारलं, शेती विचारली, बदली होते का तेही विचारलं. खात्यात काय करतोस, हे विचारायचं त्यांच्याकडून राहिलं आणि मीही ते राहू दिलं. बायकोला ठाऊक होतं. तिनंच सुचवलं, "कुणी विचारलं तर मलेरियाचं म्हणा. डास सगळ्यांनाच चावतात."

मी कुष्ठरोग तंत्रज्ञ आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मिळून अठ्ठावीस वर्षं झाली, निवृत्तीला चार उरली आहेत. राहायला पेणला, रामवाडीत. आमच्या कामाबद्दल बाहेरच्या माणसाच्या दोन कल्पना असतात : ते भयंकर तरी असतं, नाहीतर थोर तरी. खरं म्हणजे ते बरंचसं कारकुनी आहे, फक्त ते माणसांच्या अंगणात बसून करावं लागतं.

माझ्या पिशवीत एक रजिस्टर, साधं बॉलपेन, थोडा कापूस आणि गोळ्यांची पाकिटं असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की त्या माणसाला डोळे मिटायला सांगायचे, चट्ट्यावर पेनाचं टोक हलकेच टेकवायचं आणि जिथे टेकलं तिथे बोट लावायला सांगायचं. बोट गेलंच नाही, किंवा भलतीकडे गेलं, तर जागा बधिर आहे. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायची. मग हातापायांची ताकद पाहायची. करंगळीची तपासणी अशी : "करंगळी बाहेर काढा, मी आत ढकलतो, तुम्ही अडवा." पक्की अडवली तर सशक्त. अडवता अडवता ढळली तर अशक्त. बाहेर निघालीच नाही तर लुळी. रजिस्टरात या तीन शब्दांपलीकडे जागा नाही. घाई न करता दोन्ही हातांना चार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागण्याची भीती संपते. चट्टे थोडे असतील तर सहा पाकिटं, जास्त असतील तर बारा. एक पाकीट अठ्ठावीस दिवसांचं. ती संपली की रोग बरा. पण नसांचं तसं नसतं. जंतू मेल्यावरही कधी कधी नस आतून सुजते आणि तिच्या ताब्यातली बोटं ढिली पडत जातात. हे लवकर सापडलं तर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हात वाचतो. सहा महिने उलटले की फारसं काही हाती लागत नाही. म्हणून 'उपचार पूर्ण' असं लिहिल्यावरही माणसाला बोलावून तपासत राहायचं असतं.

इतकं सगळं मी सुरुवातीच्या दोन वर्षांत शिकलो. जे शिकायला सव्वीस वर्षं लागली, ते सांगण्यासाठी हा लेख.

रोहा तालुक्यात खांब गावाच्या आतल्या बाजूला एक कातकरी वाडी आहे. तिथले एक आजोबा बरे होऊन नऊ वर्षं झाली होती. एकदा ते उपकेंद्रात आले असताना तिथल्या सिस्टरनी सगळ्यांबरोबर त्यांनाही चहा दिला. आजोबांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढला, कपातला चहा त्यात उंचावरून ओतून घेतला आणि बाहेर पायरीखाली जाऊन बसले.

मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "कुणी सांगितलं वेगळा गिलास ठेवायला?"

"कोनी नाय."

"घरी?"

"घरी बी माझा येगलाच."

"बायको म्हणते?"

"ती भांडते. म्हनते, दोन गिलास घासाया लागतात."

मी जंतू, गोळ्या, नऊ वर्षं असं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला, नळावर गिलास विसळला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. मी त्या दिवशीच्या डायरीत 'समुपदेशन केले' असं लिहिलं.

आम्हाला प्रशिक्षणात सांगतात की कलंक लोक लावतात. ते खरं आहे, मी पाहिलेलं आहे. लग्नं मोडलेली पाहिली आहेत, वेगळी झोपडी बांधून दिलेली पाहिली आहे. पण पुढे पुढे असं दिसायला लागलं की लोक विसरतात आणि माणूस स्वतः विसरत नाही. लोकांचं काम तो आपल्या हातात घेतो. बारशाला जात नाही, दुकानात मागे उभा राहतो, पंगतीत सगळ्यांच्या आधी भाजी वाढून घेत नाही. चट्ट्यांसाठी रजिस्टरात रकाना आहे, नसांसाठी आहे. याला नाही. आणि याचं सगळ्यात मोठं नुकसान काय, ते मला वनिताताईंकडे कळलं. तेही मला शहाणपण सुचलं म्हणून नाही. माझी चूक झाली म्हणून.

नाव बदललं आहे. गाव हमरापूरच्या बाजूचं, एवढंच सांगतो. लिहू का, असं त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवा. पन सगलं लिवा, तुमचं पन."

त्या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची शेड. वनिताताईंचे यजमान नरेश साच्यातून मूर्ती काढतात आणि अंगाचा रंग मारतात. वनिताताई डोळे काढायच्या. याला आखणी म्हणतात आणि ते काम सगळ्यांना जमत नाही. बाकी सगळी मूर्ती चांगली झाली आणि डोळा चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या शेडमध्ये जातं. हातात बारीक ब्रश, करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, आणि त्या टेकूवर सगळा हात तोलून एका श्वासात वरच्या पापणीची रेघ. माझा चहा संपेपर्यंत त्यांचे लहान मूर्तीचे दोन्ही डोळे होत. वय तेव्हा अडतीस.

घरोघरच्या पाहणीत त्यांचे चट्टे सापडले. पाठ आणि दंड मिळून नऊ. बारा पाकिटं लागणार होती. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. माझ्या रजिस्टरात इतकं स्वच्छ पान क्वचितच असेल. औषधाने कांती काळवंडली, तेव्हा विचारणाऱ्यांना त्यांनी "उन्हाचं" म्हणून सांगितलं. घरात नरेश आणि सासूबाई दोघांनाच माहीत होतं, आणि दोघंही भली माणसं.

पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी मला अंगणात गाठलं. मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगून सांगून मी थकलो होतो.

"डाक्टर, हिला सांगा हो. हिनं ताट येगलं केलंय, तांब्या येगला केलाय, ओटीवर निजते. मी कदी बोलले नाय काय. गावाला वाटंल सासू छळते!"

आतून वनिताताईंचा आवाज आला, "आई, तुमी गप ऱ्हावा."

"का गप ऱ्हाऊ गो? ताट तू येगलं करनार आनि नाव माझं जानार!"

मी दोघींना हसत हसत समजावलं. ताट वेगळंच राहिलं. पण डोळे काढणं चालू होतं. फक्त बसण्याआधी त्या कपड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासायच्या. हे त्या अकरा महिने करत होत्या. पाकिटं संपली, मी लाल शाईने 'उपचार पूर्ण' लिहिलं, आणि नंतर चैत्रात त्यांनी अचानक आखणी सोडली. शेडच्या मागच्या दाराशी बसून पॉलिश पेपरने कच्च्या मूर्ती घासू लागल्या. ते धुळीचं काम. तोंडाला फडकं बांधून दिवसभर घासायचं, अंगठा आणि दोन बोटांचं काम.

नरेशनी विचारलं, सासूबाईंनी विचारलं. उत्तर एकच, "देवाच्या डोल्यांना माझा हात नको."

आता मला खात्रीच पटली. खांबच्या आजोबांचा गिलास, तोच हा प्रकार. या वेळी मी कसर ठेवायची नाही असं ठरवलं. चैत्र ते आषाढ मी त्यांच्याकडे पाच वेळा गेलो. डायरीत पाचही तारखा आहेत. एका भेटीला सरासरी पाऊण तास. मी मोटारसायकल कडेला लावायचो, सासूबाई चहा टाकायच्या आणि मी बोलायचो. आजार म्हणजे पाप नव्हे. तुम्ही पूर्ण बऱ्या आहात. तुमच्या हातात दोष नाही, मनातून काढून टाका. वनिताताई खाली मान घालून ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "व्हय भाऊ." चहा चांगला असायचा. मी स्वतःवर खूश होतो.

त्यातली चौथी भेट ही तपासणीची होती. मी रजिस्टर उघडलं. त्यांचा उजवा हात पदराखाली होता.

"हात बघू का?"

"हाय तसंच हाय भाऊ."

मी थांबलो. गेले दोन महिने मी या बाईला सांगत होतो की तुम्ही रोगी नाही. आता हात पुढे करा, अडवा, ढकला असं सुरू केलं तर सगळ्या बोलण्यावर पाणी पडेल, असं मला वाटलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी पेन उचललं आणि मागच्या वेळचीच नोंद खाली उतरवली. करंगळी, उजवी : सशक्त.

अठ्ठावीस वर्षांत न पाहता केलेली ही माझी एकच नोंद आहे. कुणी विचारणार नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

पाचव्या भेटीला आषाढ होता. शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. वनिताताईंच्या जागी आणलेल्या आखणीवाल्या बाईंना कावीळ झाली होती आणि रंगवून झालेल्या मूर्ती बिनडोळ्यांच्या ओळीने उभ्या होत्या. नरेश मला म्हणाले, "तुम्ही सांगा भाऊ. तुमचं ऐकंल ती."

मी मागच्या दाराशी गेलो. "वनिताताई, एकच मूर्ती. माझ्यासमोर काढा. काही होत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, साबणाने हात घासले, वीतभर उंचीची मूर्ती मांडीजवळ घेतली आणि ब्रश भिजवला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पापणीची रेघ नाकाजवळून सुरू झाली, मध्यावर थरथरली आणि सरळ गालावर उतरली.

"भ्याली पोर," सासूबाई म्हणाल्या.

"होतं. भीती जाईल," मी म्हणालो. "पुन्हा काढा."

त्यांनी ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि पुन्हा ब्रश उचलला. या वेळी मी रेघेकडे न बघता हाताकडे बघत होतो. ब्रश चिमटीत बरोबर होता. पण खाली टेकू नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित आत वळून हवेत लोंबत होती.

"करंगळी टेकवा."

"टेकत नाय."

"टेकत नाही म्हणजे?"

"जोर नाय तिला."

"कधीपासून?"

"चैतापासून."

मी खाली बसलो, त्यांचा हात हातात घेतला. कोपराशी नस दोरीसारखी जाड लागली. बोट लावताच त्या कळवळल्या. "करंगळी बाहेर काढा," मी म्हणालो. ती जेमतेम निघाली आणि मी स्पर्श करताच आत गेली.

"वनिताताई, साडेतीन महिने! मी पाच वेळा आलो. बोलला का नाहीत?"

त्यांचं उत्तर मी त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेवलं, म्हणून जसंच्या तसं देतो.

"काय बोलायचं भाऊ? पैला डोला वाकडा गेला, मी पुसला. दुसरा काढला, तो बी गेला. तवाच कललं, देवाला माझा हात नको झालाय. आनि आमच्यासारक्यांची बोटं वाकायचीच ना? लहानपनापास्नं बघितलंय, देवलाच्या पायरीवर बसायची ती मानसं. गोल्या घेतल्या म्हनून जीव तरी ऱ्हायला. त्याच्या वर आनिक काय मागायचं?"

देवाने नाकारलं, असं त्यांनी धरलं होतं. लाजेने सोडलं, असं मी धरलं होतं. नस सुजली होती. पाच भेटींत पावणेचार तास मी त्या बाईच्या मनावर बोललो आणि चार मिनिटं तिच्या हाताला दिली नाहीत. अकरा महिने ज्या बाईने आजार अंगावर असताना डोळे काढले, ती बरी झाल्यावर का सोडेल? हा साधा हिशेब मी मांडायला हवा होता. मी तिला मनातलं काढून टाका म्हणत होतो, आणि 'अशा माणसांचं मनच दुखतं' हे माझ्या मनात इतकं पक्कं बसलं होतं की हात दुखत असेल हे सुचलंच नाही.

लोक काय म्हणतील याची भीती असलेला माणूस लपून का होईना, औषध मागतो. वनिताताईंना ती भीती फारशी नव्हती. आपल्याला काही मागायचा हक्कच नाही, असं त्यांना वाटत होतं. अशा माणसाला दुखतं तेव्हा तो सांगत नाही, कारण दुखणं त्याला बरोबरच वाटतं.

त्याच दिवशी नरेशच्या गाडीवरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला जास्त, मग दर पंधरवड्याला कमी करत. हात तेलाने चोळून बोटं उलगडायचा व्यायाम दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी मला नोंद विचारली. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "चूक नोंदवा आणि दर आठवड्याला स्वतः जा." मी जुनी नोंद खोडली नाही. शेजारी लिहिलं : न तपासता केलेली. आणि खाली सही केली.

त्या वर्षी त्या शेडचे डोळे बाहेरच्या दोन बायकांनी येऊन काढले. ते काही खास झाले नाहीत, हे मलासुद्धा कळत होतं.

माघापर्यंत हात जितका यायचा तितका आला. करंगळी टेकू लागली. पण पूर्वीचा जोर आला नाही. लहान मूर्तींचे डोळे जमू लागले. मोठ्या मूर्तीला जी लांब रेघ लागते, ती मध्येच ढिली पडायची. गोळ्या संपल्यानंतरच्या तपासणीला मी शेडमध्ये गेलो तेव्हा नरेश, दोन कामगार, सासूबाई आणि शेजारच्या दोघी-तिघी होत्या. वनिताताई ब्रश धुत होत्या. मी हात तपासला आणि लिहिलं : अशक्त.

"म्हंजी आता एवढंच?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक एवढंच."

त्या म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. चैतात बघितला असता तर?"

'सांगता येत नाही' असं एक उत्तर आमच्या खात्यात तयार असतं. ते शंभर टक्के खोटंही नसतं. मी म्हणालो, "बराच फरक पडला असता. कदाचित पूर्ण आला असता."

वनिताताईंनी ब्रश डब्यात टाकला. डबा कलंडला.

"मंग बघितला का नाय?"

मी रजिस्टर मिटलं.

"पाच येला आलात. पाच येला च्या पिलात. मनात काय ठेवू नका, मनात काय ठेवू नका! मी बोलले नाय, मी अडानी. तुमी तर शिकलेले! हात धरून बघाया काय झालं व्हतं तुमाला?"

कामगारांचे हात थांबले. नरेश दबक्या आवाजात म्हणाले, "हलू बोल गो, मानसं हायत."

"असू दे मानसं! मला चट्ट्यांचा रोग झाल्ता, महारोग. बरा झाला. ऐकलं सगल्यांनी? हात माझा गेलाय, यांचा नाय गेला!"

शेजारच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाई पुढे झाल्या. मला वाटलं, सुनेला आत नेतील. त्यांनी कलंडलेला डबा सरळ केला आणि मला म्हणाल्या, "बरोबर बोलते ती."

मी माफी मागितली. सगळ्यांसमोर, हात जोडून. ती त्यांनी दिली की नाही, मला माहीत नाही. शेडमधून बाहेर पडताना माझे कान गरम झाले होते. आणि तरी मोटारसायकलपाशी पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली दोन वर्षं मी या बाईच्या तोंडून जे ऐकायचा प्रयत्न करत होतो, ते आज ऐकलं होतं. 'व्हय भाऊ' म्हणणारी बाई रागावली होती. आपलं काहीतरी होतं आणि ते गेलं, असं वाटल्याशिवाय माणूस रागावत नाही.

मी निघून आल्यावर तिथे कोण काय म्हणेल, शेजारणी पाणी प्यायच्या थांबतील का, मूर्तींची मागणी कमी होईल का, याची मला रात्रभर काळजी होती. एक शेजारीण काही दिवस आली नाही, असं नंतर कळलं. दुसरी आली आणि तिने दाराआड नेऊन आपल्या भावाच्या पाठीवरचा चट्टा कसा आहे ते वनिताताईंना सांगितलं.

"यापुढे तपासनीला मीच दवाखान्यात येईन, तुमी घरी यायचं नाय," असा निरोप वनिताताईंनी गावातल्या आशा कार्यकर्तीबरोबर पाठवला. मंगळवार, दहा वाजता. त्या मंगळवारी मला रोह्याहून निघायला उशीर झाला. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाहेर बरीच माणसं होती. वनिताताई रांगेत पहिल्या होत्या, बाजूला त्या दुसऱ्या शेजारणीचा भाऊ मान खाली घालून बसला होता. मी खुर्चीवर बसेपर्यंत त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पंधरा मिंटं," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.